बिंदू भरला, पुढे काय?

(परभणी येथे प्राध्यापकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्राचार्य मंडळी, सहकारी प्राध्यापक, आणि मागच्या रांगांत बसलेले तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवणारे, तरुण सहकारी,

पत्रिकेवर विषय मोठा छापलेला आहे: उच्च शिक्षणातील विविधता आणि समावेशन. मी त्यातलं एकच सूत्र धरून बोलणार आहे. ज्या घरातून, ज्या वस्तीतून, ज्या तांड्यावरून प्राध्यापक होणारा माणूस पहिल्यांदाच येतो, त्याला नेमणूक मिळाल्यावर हात कोण देतं? आणि जो हात देतो, त्याचं ते काम कोणत्या रजिस्टरमध्ये चढतं? माझा अनुभव असा की ते कुठेच चढत नाही. म्हणून ते हौशीवर चालतं, आणि बहुतेक वेळा ज्यांना आधार द्यायचा त्यांच्याच खांद्यावर येऊन पडतं.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठायचं, तिथे १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ, आणि शिकवणं उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं. दोनच वर्षांत, १९५०मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच आपलं मिलिंद. नांदेडचं पीपल्स कॉलेजही त्याच वर्षीचं. मिलिंदबद्दल बोलताना आपण विद्यार्थ्यांबद्दल बोलतो, ते बरोबरच आहे. पण मला तिथल्या शिक्षकांकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. म. भि. चिटणीस तिथे प्राचार्य होते. पुढे अमेरिकेत पीएचडी करून आलेले म. ना. वानखडे प्राचार्य झाले. नागपूरहून आलेले गंगाधर पानतावणे तिथे आणि नंतर विद्यापीठात मराठी शिकवत राहिले. खेड्यातल्या दलित वस्तीतून आलेल्या पोराला फळ्यापाशी उभा असलेला माणूस आपल्यातला दिसला. 'हे आपल्यालाही जमतं' हे कुणी भाषणात सांगावं लागलं नाही. मराठवाड्यात दलित साहित्याची जी पिढी उभी राहिली, तिच्या मुळाशी हे वर्ग आहेत असं मी मानते.

आणि याच भूमीने दुसरी बाजूही पाहिली. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या वस्त्यांमधली मुलं-नातवंडं आज आपल्या स्टाफरूममध्ये बसतात. ती आठवण बाहेर ठेवून कोणी आत येत नाही, एवढं ध्यानात असलं तरी वागण्यात फरक पडतो.

आता बिंदुनामावलीकडे येते, म्हणजे कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या तक्त्याकडे; त्यातली एकेक जागा म्हणजे बिंदू. आपल्या राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, इतर मागासवर्गाला १९, विमुक्त आणि भटक्यांच्या चारही गटांना मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाला २, ही मूळची विभागणी सगळ्यांना पाठ आहे. कमी लोकांना ठाऊक असतं ते हे, की टक्केवारी तीच ठेवूनही फक्त मोजण्याचं एकक बदललं तर जागा गायब होतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं की आरक्षण संपूर्ण विद्यापीठ धरून नव्हे, एकेक विभाग धरून मोजा. त्याप्रमाणे ५ मार्च २०१८ला यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, पत्रक निघालं. '१३ बिंदू' नावाने ओळखल्या गेलेल्या त्या पद्धतीत इतर मागासवर्गाची जागा चौथी, अनुसूचित जातीची सातवी आणि जमातीची चौदावी. आता सांगा, चार माणसांच्या विभागात सातवी जागा कधी यायची? किनवट-माहूरचा गोंड, कोलाम, किंवा कळमनुरीकडचा आंध मुलगा चौदाव्या जागेची वाट किती पिढ्या पाहणार? देशभर प्राध्यापक रस्त्यावर उतरले, मार्च २०१९मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी कायदा होऊन संस्था हेच एकक ठरलं. हे सविस्तर सांगितलं, कारण अन्याय दर वेळी शिवीच्या रूपात येत नाही. तो तक्त्याच्या रकान्यातून येतो. म्हणून माझी तरुणांना विनंती आहे, स्वतःच्या संस्थेची बिंदुनामावली मागवून वाचा. मागासवर्ग कक्षाने ती कधी तपासली, त्यानंतर किती जण निवृत्त झाले, हे विचारा. विचारणं हा आगाऊपणा नाही.

बरं, बिंदू भरला. माणूस रुजू झाला. पुढे?

पुढची एक गोष्ट जवळून दाखवते. सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० मधून ११ मध्ये जायला, पीएचडी असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. सोबत एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग, एखादा उजळणी वर्ग, अशा प्रशिक्षणांचे निकष आहेत. कागदावर सगळ्यांना सारखं. पण वर्गाला जायचं तर प्राचार्यांनी कार्यमुक्त करायला हवं. ज्याचे वडील किंवा काका प्राध्यापक आहेत, त्याला पहिल्याच वर्षी घरी सांगितलं जातं: 'आधी उद्बोधन उरकून घे, सेवापुस्तिकेत नोंद करून घे, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र स्वतःजवळ ठेव.' ज्याच्या घरात पगाराची स्लिपच पहिल्यांदा आली, त्याला हे कुणी सांगत नाही. तो अर्ज देतो, 'यंदा परीक्षेचं काम आहे, पुढच्या वर्षी बघू' असं ऐकतो आणि मान डोलावतो. नवीन माणूस, नोकरीची गरज, वर संस्थाचालकांची भीती. दोन वर्षं अशी गेली की स्थाननिश्चितीची, म्हणजे वरची लेव्हल मिळण्याची, तारीख दोन वर्षं सरकते, आणि पुढची प्रत्येक पायरी तेवढीच मागे जाते. निवृत्तीपर्यंत तो माणूस आपल्या बरोबरीच्याच्या मागे राहतो. वर्ग आता ऑनलाइन होतात, पण मी अशी महाविद्यालयं पाहिली आहेत जिथे त्या दिवसांतही पूर्ण तासिका घ्यायला लावतात. कान मोबाइलवर आणि तोंड वर्गाकडे, असं कुठलं शिक्षण होतं?

हे सगळं सांगणारं कुणीतरी हवं. जातीने, गावाने, नात्याने जे आपोआप मिळतं, ते इतरांना संस्थेने द्यायला हवं. समावेशनाचा माझ्यालेखी एवढाच व्यवहारी अर्थ आहे.

आता सर्वांत अवघड जागेवर येते. समजा, महाविद्यालयात एक लमाण तांड्यावरची मुलगी इंग्रजीची प्राध्यापक म्हणून लागली. मुखेड-किनवटकडच्या अशा मुली आता येताहेत आणि त्यांचं मला फार कौतुक आहे. एका महाविद्यालयात मी अशा मॅडमचं टेबल पाहिलं. एका बाजूला महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर त्रुटीत परत आलेले शिष्यवृत्तीचे अर्ज. कुणाचा उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला, कुणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले त्यामुळे ओटीपीचा फोन त्यांच्याबरोबर कारखान्यावर. दुसऱ्या बाजूला समान संधी कक्षाची फाइल, महिला तक्रार समितीची फाइल, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची यादी, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या ज्या ज्या निकषात 'समावेशक' हा शब्द येतो त्याचं काम. त्या स्त्री होत्या, भटक्या विमुक्तांतल्या होत्या, म्हणून ते सगळं त्यांच्याकडे. दाराबाहेर चार मुली उभ्या, कारण मुलींना त्यांच्याजवळच बोलता येतं. त्यांचं पीएचडीचं प्रकरण मात्र कपाटात.

हे काम वाईट आहे का? नाही. ते अत्यंत मोलाचं आहे. त्या चार मुलींपैकी कुणाचं लग्न थांबलं असेल, कुणाची फी भरली गेली असेल. पण पदोन्नतीच्या मुलाखतीत विचारलं जातं: शोधनिबंध किती? शेजारच्या खोलीतल्या सरांकडे एकही समिती नव्हती, त्यांचे निबंध झाले. मग आपण म्हणतो, आरक्षणातून आलेले लोक संशोधन करत नाहीत. हे वाक्य मी मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते ऐकताना दर वेळी संताप येतो. आधी वेळ काढून घ्यायचा आणि नंतर वेळेचा हिशेब मागायचा, ही रीत थांबायला हवी.

थांबवणं शक्य आहे का? आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन, आणि एकूण कार्यभार चाळीस तासांचा. त्या उरलेल्या चोवीस तासांत काय धरायचं हे बरंचसं प्राचार्यांच्या हातात आहे. समान संधी कक्षाला आठवड्याचे चार तास लिहून द्या. शिष्यवृत्तीच्या हंगामात एक कार्यालयीन कर्मचारी त्यासाठी मोकळा ठेवा. कक्षाचं समन्वयपद दोन वर्षांनी फिरतं ठेवा, आणि ते खुल्या प्रवर्गातल्या पुरुष प्राध्यापकाकडेही जाऊ द्या. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो हे त्यांनीही शिकायला काय हरकत आहे? भेदभावाविरुद्ध अधिकारी नेमायचे असं यूजीसीने २०१२मध्येच सांगितलं. माझ्या माहितीतल्या कित्येक ठिकाणी ते नाव फक्त दर्शनी फलकावर आहे. ज्याच्याकडे तक्रार करायची, तो तक्रारदाराच्याच विभागाचा प्रमुख असेल तर कोण जाणार? अधिकारी दुसऱ्या विभागाचा ठेवा, आणि तक्रार कुठे पोचली हे लेखी कळवा.

दिव्यांग सहकाऱ्यांबद्दल आपण फार थोडं बोलतो. २०१६च्या कायद्याने नोकरीत चार टक्के जागा दिल्या. जागा दिली, जिना तसाच राहिला. बायोमेट्रिक यंत्र पहिल्या मजल्यावर आणि कुबड्या घेतलेले सर रोज सकाळी अंगठ्यासाठी वर चढताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. यंत्र खाली आणायला एक वायरमन आणि एक दुपार पुरे होती. कमी दिसणाऱ्या एका मॅडमना पडद्यावर उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, अक्षर मोठं करण्याची सोय नाही. त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला वाचायला बसवलं. यात गोपनीयतेचाही भंग आहे, पण तसं करायला आपणच त्यांना भाग पाडलं. अशा वेळी त्या माणसाला एकच विचारायचं असतं: 'तुम्हाला काम करायला काय लागेल?' उत्तर बहुतेक वेळा स्वस्त असतं.

मुस्लिम समाजातल्या मुलींचंही सांगायला हवं. औरंगाबादेत डॉ. रफिक झकेरियांनी मौलाना आझाद महाविद्यालय १९६३ साली उभं केलं. आज बीड, नांदेड, परभणीतल्या उर्दू माध्यमातून आलेल्या मुली प्राध्यापकपदासाठीच्या सेट-नेट परीक्षा पास होताहेत. त्यांना मुलाखतीत विषयाऐवजी 'घरचे पाठवतील का, बुरखा घालून शिकवणार का' असं विचारलं जातं. निवड समितीच्या सदस्यांना माझं सांगणं आहे, जो प्रश्न शेजारच्या उमेदवाराला विचारणार नाही तो हिला विचारू नका. वडील काय करतात, मूळ गाव कोणतं, आडनाव कोणत्या भागातलं, हेही त्यातच आलं. आणि बोली. 'करायलो, जायलो' म्हणणारा मुलगा अर्थशास्त्र तुमच्याइतकंच जाणतो.

आता शेवटी मागच्या रांगांकडे वळते. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक हा आपल्या उच्च शिक्षणाचा सर्वांत असुरक्षित थर आहे. सुट्टीत मानधन नाही, मानधन वेळेवर नाही, दरवर्षी नवी मुलाखत. नेट, सेट, पीएचडी झालेली मुलं-मुली यात अडकून पडली आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर शिकलेली पहिली पिढी इथेच येऊन थबकली आहे. पदभरती शासनाच्या हाती आहे आणि तिच्यासाठी संघटनांनी लढायलाच हवं. पण एक गोष्ट महाविद्यालयाच्या हातात आहे, ती म्हणजे अनुभव प्रमाणपत्र. वर्षभर शिकवून घेऊन प्रमाणपत्र मागायला आलेल्या मुलाला 'साहेब बाहेरगावी आहेत' म्हणून चार चकरा मारायला लावतात. मुलाखतीची तारीख निघून जाते. इथे बसलेल्या प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे: सत्र संपेल त्या दिवशी, न मागता, तासिकांची संख्या, विषय आणि कालावधी लिहून, जावक क्रमांक टाकून ते प्रमाणपत्र प्रत्येकाच्या हातात द्या. या सत्रापासूनच सुरू करा. ज्यांना गेल्या वर्षीचं मिळालेलं नाही, त्यांनी चहाच्या वेळी आपल्या प्राचार्यांना इथेच भेटावं. मीही तिथे थांबते आहे.