पत्त्याच्या रकान्यात अडकलेले क्लेम

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण रात्रपाळीत अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं करता. रोज विमा कंपनीकडे क्लेमची, म्हणजे पैशाच्या मागणीची, जी ८३७ नावाची फाइल पाठवता, ती त्या साच्याच्या ५०१० आवृत्तीतली असते. ती आवृत्ती आली कशी, हे आज सांगतो, कारण मानक बदललं की सॉफ्टवेअरवाले बघून घेतील, असा समज आपल्या धंद्यात फार आहे.

१९९६च्या हिपा या अमेरिकी आरोग्यविमा कायद्यानं ठरवलं, की इलेक्ट्रॉनिक क्लेमला देशभर एकच साचा हवा. त्याप्रमाणे ४०१० आवृत्ती २००३पासून रुळली. तिला धक्का दिला निदानाच्या कोडांनी, म्हणजे आयसीडी नावाच्या रोगांच्या यादीनं. आयसीडी-९मध्ये साधारण १४ हजार कोड, तर आयसीडी-१०मध्ये ६८ हजारांच्या आसपास, तेही सात अक्षरांपर्यंत लांब. ४०१०मध्ये ते बसेनात. म्हणून आधी साचा बदला, कोड मागाहून, असा क्रम लागला. जानेवारी २००९मध्ये नियम निघाला आणि १ जानेवारी २०१२ ही तारीख ठरली.

जवळजवळ तीन वर्षं हातात होती, तरी धांदल उडालीच. डॉक्टर सॉफ्टवेअर कंपनीची वाट पाहणार, ती क्लिअरिंगहाउसची (दवाखाना आणि विमा कंपनी यांच्यामध्ये क्लेम पोचवणाऱ्या मध्यस्थाची) आणि क्लिअरिंगहाउस विमा कंपनीची. चाचणी घ्यायची तर दोन्ही टोकं तयार लागतात, आणि पहिलं पाऊल कुणालाच टाकायचं नव्हतं. शेवटी सरकारनं कारवाई आधी ३१ मार्चपर्यंत आणि मग ३० जून २०१२पर्यंत पुढे ढकलली. तारीख तीच, फक्त छडी उगारायची नाही! मला विचाराल तर पहिल्या सवलतीतच दुसरीची आशा लागते.

आता गंमत बघा. क्लेम अडकले ते पत्त्यावर. कितीतरी दवाखाने चेक पोस्टाच्या पेटीवर मागवायचे आणि बिलाच्या पत्त्यात तोच पेटी क्रमांक घालायचे. ५०१०नं सांगितलं, बिल करणाऱ्याचा पत्ता खऱ्या रस्त्याचाच हवा आणि झिप कोड (तिकडचा पिनकोड) पूर्ण नऊ आकडी. पेटीसाठी वेगळा रकाना, पैसे पाठवायच्या पत्त्याचा. भूल देण्याचा वेळ पूर्वी ठरावीक मिनिटांच्या युनिटमध्ये चालायचा, तो मिनिटांत मागितला. यातलं काहीही प्रोग्रामरच्या हातात नव्हतं. पत्ता ठाऊक असतो तो दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंना, आणि त्यांना कुणी बैठकीला बोलावलंच नव्हतं.

या गोंधळात क्लिअरिंगहाउसचं महत्त्व वाढलं. मिरज जंक्शनवर एकेकाळी तीन गेजचे रूळ होते, एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरायचा. क्लिअरिंगहाउस तेच करतं. जुन्या साच्यात आलेला क्लेम नव्यात भरून पुढे धाडतं. सोय मोठी, पण सगळा माल एकाच फलाटावरून जायला लागला की काय होतं, ते फेब्रुवारी २०२४मध्ये चेंज हेल्थकेअर या बड्या क्लिअरिंगहाउसवर सायबर हल्ला झाला तेव्हा दिसलं. औषधाच्या दुकानांपासून मोठ्या रुग्णालयांपर्यंत क्लेम ठप्प झाले.

आयसीडी-१० तर दोनदा लांबून १ ऑक्टोबर २०१५ला आलं. त्याला वाट मोकळी करून देणारी ५०१० मात्र अजून तशीच आहे. अमेरिकेत उपचारांच्या पूर्वपरवानगीसाठी फायर (FHIR) या आरोग्य-माहिती देवाणघेवाणीच्या नव्या मानकावर आधारलेल्या जोडण्या सरकारी योजनांशी जोडलेल्या विमा कंपन्यांना २०२७पासून द्यायच्या आहेत. आपल्याकडची नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज, म्हणजे रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातली क्लेमची सरकारी व्यवस्था, फायरवरच उभी आहे. तिथे जुन्या आवृत्तीचं ओझं नाही. पण काउंटरवरच्या बाईंना यंदा बैठकीला बोलावलंय का, हे तुमच्या रुग्णालयांना विचारून बघा.