आधी शाळा, मग पेपर

मंडळी, पेपरचा इतिहास म्हटलं की लोक संपादकांची यादी वाचायला लागतात आणि माझं डोकं तिथेच तापतं. वाचक कुठून आला हे कुणी सांगतच नाही, जणू तो आधीपासून दारात उभाच होता.

आज ज्याबद्दल बोलायचंय तो पेपर म्हणजे केस्किसुओमालाइनेन, मध्य फिनलंडमधल्या युवास्क्युलाचा. सुरू झाला 1871 मध्ये, तेव्हा नाव होतं केस्कि-सुओमी. अजून निघणाऱ्या फिनिश भाषेतल्या पेपरांत हा सगळ्यात जुना, आणि तो राजधानी हेलसिंकीचा नाही बरं का! त्या काळी फिनलंड झारच्या ताब्यात, पण कचेरी-कोर्टाचा कारभार स्वीडिशमध्ये चालायचा, फिनिश होती घरातली आणि शेतातली. 1850 मध्ये तर हुकूम निघाला होता की धर्म आणि शेती-धंद्याच्या उपयोगाचं सोडून फिनिशमध्ये काही छापायचंच नाही. पुढे तो सैल झाला. मग 1858 मध्ये युवास्क्युलात फिनिश माध्यमाचं पहिलं हायस्कूल, 1863 मध्ये उनो सिग्नेउस यांचं शिक्षक घडवणारं कॉलेज, आणि त्यानंतर पेपर. क्रम बघा. आधी वाचणारी माणसं तयार झाली, तीच मास्तर होऊन खेड्यापाड्यांत गेली.

इथे मला लेखिका मिन्ना कांत यांच्याबद्दल बोलायचंय, थोडा वेळ जाईल पण जाऊ दे. त्या कॉलेजच्या 1863 च्या पहिल्याच बॅचमधली ही मुलगी. दोन वर्षांत तिथल्याच शिक्षकाशी, योहान फर्डिनांड कांत यांच्याशी लग्न झालं आणि शिक्षण सुटलं, ते दिवसच तसे. 1874 मध्ये नवरा केस्कि-सुओमीचा संपादक झाला, आणि या बाई पोरंबाळं सांभाळून लिहायला लागल्या. मुलींना नीट शिकवा म्हणून लिहिलं, दारूविरुद्ध लिहिलं, आणि असं लिहिलं की दारू गाळून पैसा कमावणारे खवळले. आता विचार करा, गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, मालकाला हे झेपणार कसं? 1876 मध्ये दोघांनाही पेपर सोडावा लागला. पण बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या, दोन वर्षांनी त्याच गावात पॅइयॅन्ने नावाचा दुसरा पेपर उभा राहिला तिथे त्या पुन्हा लिहायला हजर, कथासुद्धा छापल्या. 1879 मध्ये नवरा वारला, तेव्हा सातवं मूल पोटात. त्या कुओपिओ शहरात गेल्या, कापडाचं दुकान चालवलं आणि त्यातूनच नाटकं लिहिली. आता दरवर्षी 19 मार्चला, त्यांच्या वाढदिवशी, फिनलंडभर झेंडा लागतो. मला हे सांगताना अजून भरून येतं, कारण ज्या शाळेनं वाचक तयार केले तिनेच ही लेखिका दिली.

आयोजकांची चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं राहिलीत, आणि वाचकांचा मुद्दा तर आता कुठे येतोय! तर पटापट.

विसाव्या शतकात हा पेपर शेतकऱ्यांच्या पक्षाचा झाला. तिकडे तशीच रीत होती, प्रत्येक गटाचा आपापला पेपर. 1980 च्या दशकात त्यानं पक्षाचं लेबल काढलं, आणि माझं म्हणणं असं की तोवर वाचक पक्षाचा उरलाच नव्हता, तो जिल्ह्याचा झाला होता. पुरावा हवा तर निधनाच्या जाहिरातींचं पान बघा. वर क्रॉस, नाव, जन्म कुठे कधी, मृत्यू कुठे कधी, खाली चार ओळींची कविता, मग घरच्यांची नावं. त्या माणसानं मत कुणाला दिलं हे तिथे कोण विचारतं?

दुसरं, हा पेपर स्टॉलवर विकून जगत नाही, वर्षाची वर्गणी भरून घरी येतो, शहरात पहाटे, रानातल्या घरांना पोस्टानं. 2011 पर्यंत वर्गणीवर व्हॅट नव्हता, 2012 मध्ये 9 टक्के लागला, पुढच्या वर्षी 10, आणि नेमकं तेव्हाच लोक फोनवर वाचायला लागले. एकेकाळी खप सत्तर हजारांच्या वर होता, तो उतरत गेला. मालक कंपनीनं आजूबाजूचे पेपर घेतले, कुओपिओचा साव्होन सानोमातसुद्धा आता त्यांचाच. एका अर्थी बळ वाढलं, पण तीच बातमी तीन गावांत छापली तर जिल्ह्याचा वाचक पैसे कशाला मोजेल, हा प्रश्न मला खरंच सतावतो. त्यात 2023 च्या कायद्यानं पोस्टाला आठवड्यातून तीनच दिवस टपाल वाटायची मुभा दिली. ज्या खेड्यांतल्या मास्तरांमुळे हा पेपर उभा राहिला तिथेच तो रोजचा रोज पोचेल याची खात्री उरली नाही, आणि सरकारनं यात आणखी पैसा घालायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. विचारा आता, कुणाला काय विचारायचंय ते.