पाकीट आणि ताट

सकाळचे साडेदहा. यवतमाळ जिल्ह्यातलं एक कापसाचं गाव. अंगणवाडीच्या मागच्या पडवीत मदतनीसबाईनं कुकर चढवलाय. परातीत निवडलेली मेथी, बाजूच्या गंजात उकडणारी अंडी. अंडी मोजून सहा. गावात सध्या गरोदर बाया आणि बाळंतिणी मिळून सहाच आहेत.

म्हणजे हा स्वयंपाक लेकरांचा नाही, त्यांच्या आयांचा आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ साली सुरू झालेली. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागातल्या, गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं गरम जेवण. भाकर नाहीतर पोळी, भात, वरण, पालेभाजी, अंडं. अंडं चालत नसेल तर केळं. आणि जेवायचं इथंच, अंगणवाडीत बसून.

'इथंच' हा शब्द आम्हाला आधी जाचक वाटला. आठव्या महिन्यातल्या बाईनं वावरातून चालत यायचं, जेवायचं, परत जायचं? त्यापेक्षा घरी शिधा दिलेला काय वाईट?

मग आम्ही नाल्यापलीकडच्या गावात गेलो.

तीच काळी माती, तोच कापूस. पण राळेगाव, केळापूर, घाटंजी, मारेगाव या भागात अनुसूचित क्षेत्र ठरलंय ते गावांच्या यादीनं. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ज्या गावाचं नाव आहे ते आत, नाही ते बाहेर. हे गाव बाहेर. म्हणून नाल्याच्या अलीकडे ताट आणि पलीकडे पाकीट.

पाकीट म्हणजे टीएचआर, घरी न्यायचा आहार. कधी तयार पीठ, कधी गहू, डाळ, चणे असा कोरडा शिधा. 'पूरक पोषण आहार' हे नाव फक्त फलकावर. बाया एवढंच विचारतात, "पाकिटं आली का जी?"

हिशेब कागदावर चोख आहे. गरोदर बाईला दिवसाला ६०० कॅलरी, १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, वर्षातले ३०० दिवस. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हा तिचा हक्क केला. २०१७ साली केंद्रानं त्यासाठी खर्चाचा दर ठरवला, दिवसाला साडेनऊ रुपये. स्टँडवर कटिंग चहाला दहा मोजावे लागतात.

आता ही डाळ घरी कशी शिजते ते बघा. चुलीवर एकच गंज. त्यात रेशनची डाळ पडली, त्यातच अंगणवाडीचीही पडली. शिजल्यावर त्यातली कोणती कोणाची? आधी सासरे जेवतात, मग नवरा, दोन लेकरं, सासू, आणि मग ती. ६०० कॅलरी सहा जणांत वाटल्या की वाट्याला १००. एक अख्खी भाकरही नाही झाली.

"घरी आणलं का मंग सगळ्यायचंच होते जी. मी एकटीनं कशी खाऊ?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. लेकरासमोर एकटीनं खाणं तिला पटतच नाही, आणि यावर तिला काय समजावायचं हे आम्हालाही सुचलं नाही.

पाकिटं ढोरांना घालतात, असं साहेबलोक हमखास सांगतात. घालतातही, पिठाला वास आला की. दोष देण्याआधी ते पीठ एकदा चाखून पाहावं.

फडताळात साखरेच्या डब्यामागे लाल गोळ्यांची पत्ती आहे. दहातल्या तीन गेल्या, सात तशाच. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं. तरी गोळ्या उरतात. मळमळतं, शी काळी होते, आणि वर शेजारीण सांगून जाते की गोळीनं बाळ फार मोठं होतं, मग बाळंतपण जड जातं.

आशाताई भाषण देत नाही. पत्ती हातात घेते, मोजते आणि विचारते, "चहासंगं घेते काय वं?" हो. इथं चहा दिवसातून चार वेळा. चहा लोहाला अंगी लागू देत नाही. "रातच्याला जेवल्यावर घे, लिंबाच्या पाण्यासंगं. कॅल्शियमची पांढरी गोळी याच्यासंगं नाही, ती सकाळी." शी काळी होणारच, त्यात भ्यायचं काही नाही, हेही सांगते. या सगळ्याला दोन मिनिटं लागली. विदर्भात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. ज्या बाईला तो आजार आहे तिला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

लेकरांच्या 'अ' जीवनसत्त्वाचं काम मात्र सरळ. लसीकरणाच्या दिवशी प्लास्टिकचा चमचा, त्याला मध्ये एक रेघ. नवव्या महिन्यात रेघेपर्यंत, १ लाख युनिट. पुढे दर सहा महिन्यांनी चमचा भरून, २ लाख. पाच वर्षांचं होईस्तोवर नऊ डोस. पिवळं तेल थेट लेकराच्या तोंडात जातं. ते घरी नेऊन सहा जणांत वाटता येत नाही.

२०२५ च्या जुलैपासून पाकीट घ्यायला मोबाइलसमोर चेहराही दाखवावा लागतो. पाकीट कोणी नेलं हे त्यावरून सरकारला कळतं. नेलेलं कोणी खाल्लं, ते चुलीपाशीच राहतं.

दुपारचा एक. आम्ही नाल्याअलीकडच्या अंगणवाडीत परतलोय. सहा ताटं वाढली, बाया आल्या चार. वेचणीचे दिवस आहेत, मजुरी किलोवर. तासभर उठलं की तेवढा कापूस ओटीत पडायचा राहतो. दोन ताटांवर मदतनीसबाईनं ताटल्या झाकल्या.

भिंतीला टेकून बसलेली बाई सातव्या महिन्यातली. शेजारी तीन वर्षांची पोर. बाई वरण-भात कालवते, मेथी संपवते, अंडं मात्र काठाला सरकवून ठेवते. कोणी बघत नाही असं पाहून त्याचे दोन तुकडे करते.

मदतनीसबाई बघतेच.

"ते तुयं हाय. तिचं तिले भेटते ना."

भेटतं, खरं आहे. याच योजनेत सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांनाही अंडं नाहीतर केळं मिळतं, आठवड्यातून चार दिवस.

आज त्या चारांतला दिवस नाही.