निसटता वायू

[दृश्य: राखाडी समुद्र. दुरून येणारं जुनं मालवाहू जहाज.]

फेब्रुवारी १९५९. इंग्लंडमध्ये टेम्सच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटाला एक जहाज लागलं. नाव ‘मिथेन पायोनिअर’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं हे साधं मालवाहू जहाज. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमच्या टाक्या बसवल्या होत्या आणि उष्णता आत शिरू नये म्हणून बाल्सा लाकूड वापरलं होतं. अमेरिकेतल्या लुइझियानाहून अटलांटिक ओलांडून त्यानं आणला होता नैसर्गिक वायू, उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केलेला.

द्रव झाला की हा वायू सुमारे ६०० पट कमी जागेत मावतो. आज एलएनजी या नावानं जगभर फिरणाऱ्या मालाचं सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे.

कोळशाचा ढीग घालून ठेवता येतो, तेल पिंपात भरता येतं. वायू मात्र बांधून ठेवावा लागतो: पोलादी वाहिनीत, अतिथंड टाकीत, नाहीतर वीस-वीस वर्षांच्या करारात. आणि बांधणी सैल पडली, की किंमत माणसं मोजतात. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात द्रवरूप वायूची टाकी फुटली. युद्धामुळे निकेलची टंचाई होती, म्हणून टाकीला कमी निकेलचं पोलाद वापरलं होतं. त्या गारठ्यात ते ठिसूळ झालं. वायू गटारांतून वस्तीत शिरला, पेटला आणि १३० माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं या तंत्राकडे पुन्हा वळायचं धाडस फारसं कुणी केलं नाही.

[दृश्य: सपाट हिरवी शेतं, विटांची घरं. भिंतीवरून तिरकी गेलेली भेग.]

‘मिथेन पायोनिअर’ इंग्लंडला पोहोचलं त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगेन प्रांतातल्या शेतांखाली, युरोपातला एक प्रचंड वायुसाठा सापडला. त्यातून देशभर वाहिन्या गेल्या, शेजारच्या देशांना वायू विकला गेला, सरकारी तिजोरी भरली. पण वायू उपसला की ज्या खडकात तो साठलेला असतो, तो दबत जातो. ग्रोनिंगेनची जमीन खचू लागली आणि हादरे सुरू झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये हौझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटतो, पण हे धक्के जमिनीत फार खोल नसतात आणि इथली घरं भूकंपासाठी बांधलेली नव्हती. हजारो घरांना तडे गेले. भरपाईसाठी लोक वर्षानुवर्षं कागदपत्रं घेऊन फिरत राहिले. ग्रोनिंगेनच्या लोकांच्या हिताकडे सातत्यानं दुर्लक्ष झालं, असं संसदेच्या चौकशी समितीनं २०२३ मध्ये लेखी सांगितलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला उत्पादन थांबलं. साठ्यात वायू शिल्लक होता, तरीही.

या उद्योगाच्या इतिहासात ही घटना मला सर्वांत मोलाची वाटते. एका श्रीमंत देशानं हाताशी असलेला इंधनसाठा जमिनीतच सोडून दिला, आणि तोही युरोप वायूसाठी व्याकूळ असताना.

[दृश्य: बाल्टिक समुद्र, वरून. पाण्यावर उकळणारं पांढरं वर्तुळ.]

२०२१ मध्ये युरोपीय संघाच्या वायू-आयातीपैकी सुमारे ४५ टक्के रशियातून येत होती. वाहिनी दोन देशांना बांधते. एकीकडे दुसरा ग्राहक नसतो, दुसरीकडे दुसरा विक्रेता नसतो. युक्रेनवर आक्रमण झालं आणि ही बांधणी तुटली. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाहून बाल्टिकच्या तळातून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांनी फुटल्या, पण त्याआधीच रशियाकडून येणारा पुरवठा आटला होता. ऑगस्टमध्ये युरोपातला घाऊक भाव दर मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या पुढे गेला होता.

युरोपनं पैसे मोजले. जर्मनीनं काही महिन्यांत विल्हेल्म्सहाफेन बंदरात एलएनजी उतरवून घेणारं तरंगतं टर्मिनल उभं केलं. समुद्रावरची जहाजं जास्त भाव देणाऱ्याकडे वळली. पाकिस्ताननं एलएनजीसाठी काढलेल्या निविदेला त्या उन्हाळ्यात एकाही विक्रेत्याचा प्रतिसाद आला नाही. बांगलादेशानं खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि ठरवून वीज बंद ठेवायला सुरुवात केली. युरोपातला हिवाळा ऊबदार ठेवण्याचा भार ढाक्यातल्या आणि कराचीतल्या घरांनीही उचलला. हे स्वच्छ शब्दांत सांगितलंच पाहिजे.

[दृश्य: रात्रीचं वाळवंट. क्षितिजावर ज्वाळांची रांग.]

एकीकडे वायूसाठी अशी ओढाताण, आणि दुसरीकडे हे दृश्य. तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर वायूही वर येतो. तो नेण्यासाठी वाहिनी नसेल, तर जागेवरच जाळून टाकतात. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये असा १४८ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. टेक्सासच्या पश्चिम भागात तर कधी कधी वायूचा भाव शून्याखाली जातो. घेऊन जाणाऱ्यालाच विक्रेता पैसे देतो.

जो जळतही नाही, तो याहून घातक. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत तो साधारण बारा वर्षं टिकतो, पण वीस वर्षांचा हिशेब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. वायूवर वीज केली की कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, हा या उद्योगाचा सर्वांत मोठा युक्तिवाद. धुराड्यापाशी तो खराही आहे. पण विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेवर सुमारे ३ टक्के वायू निसटला, तर येत्या काही दशकांपुरता हा फायदा पुसला जातो.

आणि तो निसटतो. झडपांतून, जुन्या वाहिन्यांतून, सोडून दिलेल्या विहिरींतून. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन इथल्या भूगर्भातल्या साठ्याची एक विहीर फुटली. गळती जवळपास चार महिने चालली, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली आणि सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला.

पूर्वी अशा गळत्या दिसत नसत, कारण मिथेनला रंग नाही आणि वासही नाही. आता उपग्रह त्या टिपतात. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेनचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचा सामूहिक संकल्प केला. झडपा बदलणं, गळती शोधणं, ज्वाळेऐवजी वाहिनी टाकणं, यांतलं काहीच अवघड विज्ञान नाही. वाचवलेला वायू विकताही येतो. तरीही हे काम रेंगाळतं, याचा मला राग येतो.

[दृश्य: कतारचा किनारा. क्षितिजापर्यंत पोलादी नळ्या, क्रेन.]

दरम्यान बांधकाम थांबलेलं नाही. २०१६ मध्ये लुइझियानातल्या साबीन पास बंदरातून शेल वायूची, म्हणजे शेल नावाच्या खडकातून काढलेल्या वायूची, पहिली खेप निघाली आणि २०२३ मध्ये अमेरिका जगातली सर्वांत मोठी एलएनजी निर्यातदार झाली. कतार आपली वार्षिक क्षमता ७.७ कोटी टनांवरून १४.२ कोटी टनांवर नेतो आहे. असे प्रकल्प तीस-चाळीस वर्षं चालवायचे, या हिशेबानं बांधलेले असतात.

काही ठिकाणी वायूला पर्याय शोधणं खरोखर कठीण आहे. खताचा अमोनिया मुख्यतः याच वायूपासून बनतो. पोलाद आणि काच यांच्या भट्ट्यांनाही तो लागतो. विजेचं तसं नाही. तिथं सौरऊर्जा आणि बॅटऱ्या दरवर्षी स्वस्त होत आहेत. त्यामुळे या नव्या वायूचा ग्राहक कोण, हा प्रश्न उरतो. उद्योगाची भिस्त दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या वाढत्या देशांवर आहे.

[दृश्य: दाट वस्तीतली छपरं, वरून. छपराछपरावर निळे पॅनेल.]

२०२२ मध्ये ज्या पाकिस्तानला कुणी वायू विकायला तयार नव्हतं, तिथं २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅट क्षमतेचे सौर पॅनेल आयात झाले. घरमालकांनी, शेतकऱ्यांनी आणि कारखानदारांनी ते स्वतःच्या पैशानं बसवले. सार्वजनिक वीजजाळ्यावरच्या (ग्रिडच्या) विजेची मागणी घटली. आणि कतारशी केलेल्या दीर्घ करारातल्या काही खेपा पुढे ढकलण्याची विनंती करायची वेळ सरकारवर आली.