मोठा जातो, लहान अडतो: पोटॅशियम चॅनेलची रचना आणि तिचं काम

मित्रहो, आज मी एकाच प्रश्नाभोवती बोलणार आहे. आपल्या पेशींच्या आवरणात काही प्रथिनं बसलेली असतात. ती पोटॅशियमचे आयन जाऊ देतात, सोडियमचे अडवतात. यांनाच पोटॅशियम चॅनेल म्हणतात. मज्जातंतूतून संदेश गेल्यावर तंतू पुन्हा शांत होतो तो यांच्यामुळे, आणि हृदयाचा ठोका पडून गेल्यावर स्नायू पूर्वपदावर येतो तोही यांच्यामुळेच.

आता अडचण बघा. दोन्ही आयनांवर विद्युतभार सारखाच, धन एक. पोटॅशियमची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम, सोडियमची ०.९५. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. चाळणीतून बारीक ते खाली पडतं, जाड वर राहतं. इथे जाड निघून जातं आणि बारीक अडकतं! शिवाय हे सावकाश, पारखून चालतं म्हणावं तर तसंही नाही. एका चॅनेलमधून सेकंदाला काही कोटी आयन जाऊ शकतात आणि तरीही सोडियमच्या तुलनेत पोटॅशियमला किमान हजारपट झुकतं माप मिळतं. ज्याला ओळखायचं त्याला धरावं लागतं, आणि धरलं की वेळ जातो. मग निवड आणि वेग दोन्ही एकदम कसे साधतात?

उत्तराचे धागे जुने आहेत. १९५५ साली हॉजकिन आणि केन्स यांनी सेपिया या माकुळाच्या जातीतल्या प्राण्याचा जाड मज्जातंतू घेतला, किरणोत्सारी पोटॅशियम वापरलं आणि दाखवलं की आयन सुटे सुटे नव्हे, तर अरुंद वाटेतून रांगेने जात असावेत. पुढे क्ले आर्मस्ट्राँग आणि फ्रान्सिस्को बेझानिया यांनी १९७२ मध्ये तर्क मांडला की वाटेच्या भिंतीतले ऑक्सिजन पोटॅशियमला नेमके टेकत असतील, आणि सोडियम लहान असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोचत नसतील. एकही रचना डोळ्यांनी न पाहता केलेला हा तर्क! मला तो या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

रचना दिसली ती १९९८ मध्ये. रॉकफेलर विद्यापीठात रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्स या जिवाणूचं चॅनेल स्फटिकरूपात आणलं आणि क्ष-किरणांनी ते उलगडलं. मॅकिनन मूळचे डॉक्टर. स्फटिकशास्त्र त्यांनी बऱ्याच उशिरा हाती घेतलं. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पीटर आग्र यांच्यासोबत मिळालं.

चार सारखे प्रथिन-तुकडे वर्तुळात उभे आणि मधोमध आरपार वाट, अशी ही रचना आहे. वाटेची एकूण लांबी साधारण ४५ अँगस्ट्रॉम. आतल्या बाजूने आलं की मध्यावर एक प्रशस्त पोकळी लागते, सुमारे दहा अँगस्ट्रॉम रुंद. पेशीआवरण तेलकट, त्याच्या मध्यावर विद्युतभारित आयनाला उभं राहणं फार महागात पडतं. ती पोकळी पाण्याने भरलेली असते, त्यामुळे आयन तिथे आपल्या पाण्यासकट उभा राहू शकतो. २००१ मध्ये अधिक बारकाईने घेतलेल्या चित्रात तर पोकळीतल्या पोटॅशियमभोवतीचे पाण्याचे आठ रेणूसुद्धा मोजता आले.

इथून वर फक्त बारा अँगस्ट्रॉमचा अरुंद टप्पा आहे. तोच फिल्टर. थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन अशी पाच अमिनो आम्लांची साखळी, चारही तुकड्यांत सारखी. जिवाणूपासून माणसापर्यंत ती फारशी बदललेली नाही. साखळीच्या कण्यातले ऑक्सिजन आत, वाटेकडे वळलेले असतात आणि त्यातून एकाखाली एक चार जागा तयार होतात. प्रत्येक जागी आयनाभोवती आठ ऑक्सिजन, चार वर आणि चार खाली. म्हणजे पाण्यात होते तेवढेच आणि जवळपास तसेच! पोटॅशियम पाणी टाकून आत शिरतो तेव्हा त्याचं फारसं काही बिघडत नाही, कारण टाकलं त्याची पुरेपूर भरपाई लगेच मिळते. सोडियमलाही पाणी टाकावं लागतं, पण ही चौकट त्याच्या मापाची नाही. त्याचा सौदा तोट्याचा ठरतो, म्हणून तो बाहेरच राहतो.

आणि वेग? फिल्टरमध्ये एका वेळी एकाहून जास्त आयन असतात. सगळे धनभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. आत शिरणारा पुढच्याला बाहेर काढतो, म्हणून पकड असूनही कुणी अडकून पडत नाही. दोन आयनांच्या मध्ये पाण्याचा रेणू असतो की आयन थेट एकमेकांना भिडतात, यावर मात्र अजून जोरात वाद आहे. त्या वादात मी आज शिरत नाही.

चार जागांची खरोखर गरज आहे का, याची परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवली आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूत याच घडणीचं एक चॅनेल आहे, पण त्याच्या फिल्टरमध्ये दोनच जागा आहेत. ते सोडियम आणि पोटॅशियम दोघांनाही जाऊ देतं. संशोधकांनी त्यातली मोजकी अमिनो आम्लं बदलून चार जागा पूर्ण केल्या, आणि तेच चॅनेल पोटॅशियम निवडू लागलं.

उलट्या दिशेचं उदाहरण उंदरातलं आहे. 'वीव्हर' नावाचे उंदीर लडखडत चालतात. १९९५ मध्ये कारण कळलं: मेंदूतल्या एका पोटॅशियम चॅनेलच्या फिल्टरमधल्या पहिल्या ग्लायसिनच्या जागी सेरिन आलेलं. ग्लायसिनला बाजूची शाखाच नसते, म्हणून साखळी तिथे हवी तशी वळते आणि ऑक्सिजन आतल्या बाजूला बघतात. सेरिन आलं की ती घडी मोडते, सोडियम आत घुसतो आणि अनुमस्तिष्कातल्या, म्हणजे मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागातल्या, पेशी मरतात.

जाता जाता विंचवाचं. स्फटिकाच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, चॅनेलमध्ये चार तुकडे असतात हे मॅकिनन यांनी विंचवाच्या विषातल्या एका पदार्थाने दाखवलं होतं. हा पदार्थ वाटेच्या बाहेरच्या तोंडावर बुचासारखा बसतो. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषातही असा एक पदार्थ सापडला आहे, आयबेरिओटॉक्सिन, आणि प्रयोगशाळांमध्ये तो आजही वापरतात. अर्थात हा विंचू चावल्यावर जिवाला धोका होतो तो मुख्यतः सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या विषांमुळे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ज्या दंशावर उपचार केले, तो याच विंचवाचा.

शेवटचं उदाहरण औषधांचं. हृदयातल्या हर्ग नावाच्या चॅनेलची मधली पोकळी भलतीच पाहुणचारी आहे. तिच्या भिंतीवरच्या टायरोसिन आणि फिनिलअलॅनिन या अमिनो आम्लांच्या कड्यांना तऱ्हेतऱ्हेचे रेणू चिकटतात. वाट बुजली की ठोक्यानंतरची विश्रांती लांबते आणि हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. ॲलर्जीवरचं टर्फेनाडिन आणि पोटासाठीचं सिसाप्राइड ही दोन्ही औषधं अमेरिकेच्या बाजारातून गेली ती याच कारणाने. तेव्हापासून नवं औषध, मग ते कशावरही असो, आधी या चॅनेलवर तपासून पाहतात. २०१७ मध्ये हर्गची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळाली. तिच्यात मधल्या पोकळीच्या कडेने चार खोल, तेलकट खोबणी दिसल्या. औषधांचे रेणू नेमके कुठे रुततात याचा पत्ता बहुधा तोच.