कॉर्ड ओळीच्या आत

श्रोतेहो, नमस्कार. गिटार घेऊन गाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर पेटीवर बसणाऱ्यांसाठी आज एका लिहिण्याच्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव कॉर्डप्रो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन लेक्लेर आणि मारिओ डोरिऑन यांनी ‘कॉर्ड’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्यातून ही पद्धत आली. पुढे योहान व्रोमान्स यांनी तिला आजचं रूप दिलं. तिचा गाभा एका वाक्यात मावतो: कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, ओळीच्या वर लिहायचा नाही, ओळीच्या आत लिहायचा. ज्या अक्षरावर कॉर्ड बदलतो त्या अक्षराच्या अगदी आधी, चौकोनी कंसात.

हे का करायचं, ते पटण्यासाठी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. भाद्रपदात गल्लोगल्ली दिसणारं चित्र आहे.

मंडळाच्या गणपतीपुढे समूहगान आहे. आठ जण गाणार, एक गिटार, एक पेटी, एक तबला. गिटारवाल्या मुलाने गाणं संगणकावर टाइप केलंय. खाली शब्द, वरच्या ओळीत कॉर्ड, आणि प्रत्येक कॉर्ड बरोबर अक्षरावर यावा म्हणून मधे स्पेसबार दाबून दाबून जागा सोडलेली. त्याच्या पडद्यावर सगळं सुरेख दिसतं. मग तो ते मोबाइलवर सगळ्यांना पाठवतो, आणि तिथे घोळ होतो. प्रत्येकाच्या फोनवर फॉन्ट वेगळा, पडदा अरुंद. ओळ मधेच मोडते. कॉर्डची ओळ एकीकडे मोडते, शब्दांची दुसरीकडे. ‘अंगण’वर यायचा डी आता ‘सर’वर उभा असतो.

इंग्रजी गाण्याला यावर एक जुनी पळवाट आहे. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असलेला फॉन्ट घ्यायचा, म्हणजे स्पेस मोजून जागा जुळते. मराठीत ती पळवाट चालत नाही, श्रोतेहो. आपला ‘र’ केवढासा आणि ‘क्ष’ केवढा! पहिली वेलांटी डावीकडे, काना उजवीकडे, अनुस्वार डोक्यावर, त्याला स्वतःची रुंदीच नाही. स्पेस मोजून देवनागरीवर कॉर्ड बसवणं म्हणजे वाळूवर रांगोळी.

चित्र अजून संपलेलं नाही. कार्यक्रमाला अर्धा तास उरलाय आणि मुख्य गायिकेचा घसा बसलाय. ती काळी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीवर तिचा सा. गिटारवाला दांडीच्या ३ऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून बोटांच्या जीच्या आकारांत वाजवतो: जी, सी, डी, ई मायनर. आता तिच्या जागी गाणारा काका काळी एकवाला. पेटीवाल्याला काळजी नाही, तो नुसता सा बदलतो. गिटारवाल्याने मात्र कॅपो १ल्या फ्रेटवर आणायचा आणि सीचे आकार धरायचे. म्हणजे जीचा सी, सीचा एफ, डीचा जी, ई मायनरचा ए मायनर. चार कडवी, प्रत्येक ओळीत दोन-तीन कॉर्ड, हातात पेन्सिल. घाईत तिसऱ्या कडव्यातला एक डी तसाच राहतो. त्या जागी पेटीवर शुद्ध मध्यम आणि गिटारमध्ये, त्या डीच्या पोटात, तीव्र मध्यम. दोन्ही एकाच वेळी. गाणारा काका पुढच्या ओळीचा सूर शोधत राहतो, आणि चूक त्याची समजली जाते.

आता हेच गाणं कॉर्डप्रोत लिहिलेलं असतं तर? फाइलमध्ये दोन ठिकाणी हात लावायचा. कॅपोच्या ओळीत ३चा १, आणि ट्रान्सपोज ५, म्हणजे पाच अर्धस्वर वर. सगळे कॉर्ड एका दमात बदलतात, एकही मागे राहत नाही. पुन्हा सांगायचं तर, कॉर्ड ओळीच्या आत असतो म्हणून तो अक्षराला चिकटून राहतो, आणि कंसात असतो म्हणून यंत्राला तो कॉर्ड आहे हे कळतं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. भातखंडे यांच्या स्वरलेखनाला ही अडचण कधी आलीच नाही. सा कुठेही धरा, ‘ग’ तो ‘ग’च. जे मूल आधी सरगम शिकतं त्याला पट्टी बदलण्याची भीती वाटत नाही, म्हणून गिटारच्या वर्गातसुद्धा पहिले तीन महिने सरगमच शिकवावी. असो. कॉर्डप्रो चाल लिहीत नाही, फक्त शब्द आणि कॉर्ड लिहितो. चाल कानाने किंवा सरगमनेच शिकायची.

आता लिहायचं कसं. कुठलाही साधा मजकूर-संपादक चालतो, नोटपॅडसुद्धा. सुरुवातीला महिरपी कंसात गाण्याची माहिती, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत: टायटल, की (म्हणजे पट्टी), कॅपो, आणि त्यापुढे कोलन देऊन नाव किंवा आकडा. हे शब्द इंग्रजीत, रोमन लिपीत. कॉर्डची नावंही रोमनच. देवनागरीत ‘जी’ लिहिलंत तर छापून येईल, पण पट्टी बदलताना तो कॉर्ड हलणार नाही. मायनरचा एम लहान लिपीतला. फोनचं आपोआप दुरुस्ती करणं बंद ठेवा, नाहीतर ते त्याचा मोठा एम करतं आणि मायनरचा मेजर होतो.

धृपदाच्या आधी महिरपी कंसात स्टार्ट ऑफ कोरस आणि नंतर एंड ऑफ कोरस, शब्दांमध्ये अंडरस्कोर. शेवटचं लिहायला विसरलात तर पुढची सगळी कडवी धृपद समजली जातात. कॅपो लिहिलात की कंसात बोटांचे आकार लिहायचे, कानाला ऐकू येणारे कॉर्ड नाहीत. दोन्हींची सरमिसळ झाली की ज्याने कॅपो लावला तो आणि ज्याने नाही लावला तो, दोघेही वेगवेगळ्या पट्टीत.

आणि आता खास मराठीची काळजी. कंस अक्षराच्या आधी, अक्षराच्या पोटात नाही. ‘प्रार्थना’ शब्द घ्या. कॉर्ड दुसऱ्या अक्षरावर बदलत असेल तर कंस ‘प्रा’ आणि ‘र्थ’ यांच्या मधे. तो ‘र्’ आणि ‘थ’ यांच्या मधे घातलात तर रफार तुटतो आणि पाय मोडका र उघडा पडतो. व्यंजन आणि त्याच्या मात्रेच्या मधे कंस आला तर मात्रा एकटी पडते, तिच्याखाली तुटक ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. जोडाक्षराच्या आधी किंवा नंतर, पण आत कधीच नाही.

गायक एखादं अक्षर लांबवतो आणि त्या आलापातच कॉर्ड बदलतो, तेव्हा काय? तेव्हा शब्दाच्या पुढे मोकळी जागा सोडून तिथे कॉर्डचा कंस एकटाच लिहा. तो कॉर्ड कुठल्याच अक्षरावर नाही हे वाजवणाऱ्याला दिसतं.

फाइल साठवताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, निवडा, नाहीतर उघडल्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली गाणी असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. पीडीएफ काढताना देवनागरी फॉन्ट नेमून द्या, रिकामे चौकोन दिसले तर तेच चुकलंय. ऱ्हस्व-दीर्घही त्याच वेळी तपासा, कारण ही फाइल पुढे दहा जणांकडे जाते आणि चुकीची वेलांटी गाण्यात दीर्घ होऊन ऐकू येते.

आणि छापण्याआधी एकदा पेटीवर सा धरून, कंसातला प्रत्येक कॉर्ड वाजवून, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघा. तिसरं कडवंही. नमस्कार.