एक पौंड कमी

मंडळी, १९२८ सालच्या एका प्रवासापासून सुरुवात करतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबचे मॅनेजर विली मेली फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थयात्रेला निघाले आणि आपल्या चोवीस वर्षांच्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोल मारणाऱ्या मुख्य खेळाडूला, त्यांनी सोबत घेतलं. जिमी मॅकग्रोरी श्रद्धाळू कॅथलिक, साहजिकच आनंदाने निघाला. लंडनला पोचतो तर समोर तिथल्या आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन उभे. मॅकग्रोरीला विकायचं सेल्टिकने आधीच ठरवलं होतं, फक्त त्याला सांगितलं नव्हतं. तो नाही म्हणाला. यात्रा आटोपून परतताना चॅपमन पुन्हा भेटले. उत्तर तेच.

क्लबला मोठी रक्कम मिळणार होती, ती गेली. मग पुढे वर्षानुवर्षं त्याला संघातल्या इतर प्रमुख खेळाडूंपेक्षा आठवड्याला एक पौंड कमी दिला गेला, आणि तोही गुपचूप. ज्याच्या गोलांवर क्लब उभा होता, त्याच्याशी हा व्यवहार! मला हे वाचताना आजही राग येतो. पण मॅकग्रोरीच्या मनात क्लबविषयी कटुता राहिली नाही. का, ते समजायचं तर तो कुठून आला हे पाहावं लागेल.

त्याचा जन्म एप्रिल १९०४ चा, ग्लासगोच्या गार्नगॅड वस्तीतला. आईवडील आयर्लंडहून आलेले. या वस्तीला लोक 'लिटल आयर्लंड' म्हणत, इतके आयरिश तिथे होते. सेल्टिक क्लब जन्मला तोच मुळी या लोकांसाठी. १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूंनी तो स्थापला तेव्हा हेतू होता पूर्व ग्लासगोतल्या गरीब मुलांच्या जेवणाचा. तेव्हा गार्नगॅडच्या पोराला सेल्टिक म्हणजे नोकरी देणारी कंपनी कशी वाटेल? ते त्याचं घरच होतं.

आता खेळाकडे येऊ. हा माणूस उंच नव्हता. खांदे मात्र रुंद, मान जाड, आणि डोक्याने मारलेला चेंडू असा जायचा की लोक त्याला 'मानवी टॉर्पेडो' म्हणत. त्या काळचा चेंडू आठवा: जाड कातड्याचा, वर वादीने शिवलेला, आणि पावसात पाणी पिऊन जड झालेला. आणि ग्लासगोत पावसाला काय तोटा! तसल्या चेंडूवर तो जमिनीलगत आडवा झेपावत असे. १९२५ च्या स्कॉटिश कप फायनलमध्ये डंडीविरुद्ध आधी सेल्टिकच्याच पॅट्सी गॅलाकरने चेंडू दोन पायांत धरून कोलांटी मारत बरोबरी साधली, आणि शेवटी मॅकग्रोरीने हेडरवर सामना जिंकून दिला. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होत होता.

त्याच वर्षी ऑफसाइडचा, म्हणजे गोलजवळ पुढे थांबून पास घेण्यावर बंधन घालणारा नियम सैल झाला आणि सगळीकडेच गोल वाढले, हे खरं. पण जानेवारी १९२८ मध्ये डनफर्मलिनविरुद्ध सेल्टिकच्या ९ गोलांपैकी ८ एकट्याने मारणं ही काही नियमाची कृपा नव्हे. सगळे मोठे सामने धरले तर त्याचे गोल साडेपाचशेच्या घरात जातात. सरासरी सामन्याला एक. ब्रिटनमध्ये आजवर इतके कुणाचे नाहीत.

आणि तरी स्कॉटलंडकडून तो खेळला फक्त ७ सामने. त्या जागेवर ह्यूई गॅलाकर होता, तोही असामान्य. पण १९३३ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर इंग्लंडविरुद्ध संधी मिळाली, १,३४,००० वर माणसं जमली होती, आणि स्कॉटलंडने २-१ असा सामना जिंकला. दोन्ही गोल मॅकग्रोरीचे.

दुःखही या कारकिर्दीत कमी नाही. ५ सप्टेंबर १९३१ ला आयब्रॉक्स मैदानावर ग्लासगोच्याच प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लबविरुद्धच्या सामन्यात सेल्टिकचा बावीस वर्षांचा गोलरक्षक जॉन थॉमसन रेंजर्सच्या सॅम इंग्लिशच्या पायाशी झेपावला. त्याच्या डोक्याला मार बसला आणि त्याच रात्री तो गेला. मॅकग्रोरी त्या मैदानावर होता. त्या दिवशी त्याच्या शेजारी खेळलेला पीटर स्कार्फ पुढे क्षयाने गेला, १९३३ मध्ये. संघ सावरायला वर्षं लागली. अखेर १९३५-३६ मध्ये, दहा वर्षांनी, सेल्टिकने लीग जिंकली. बत्तिशीकडे झुकलेल्या मॅकग्रोरीने त्या मोसमात लीगमध्येच ५० गोल केले.

१९३७ च्या अखेरीस तो किलमारनॉक या दुसऱ्या स्कॉटिश क्लबचा मॅनेजर झाला, आणि काही महिन्यांतच त्याच्या संघाने कपमध्ये सेल्टिकलाच हरवलं. १९४५ मध्ये सेल्टिकने त्याला मॅनेजर म्हणून परत बोलावलं. ती वीस वर्षं चढउताराची होती. मोठा आनंद म्हणजे १९५७ ची लीग कप फायनल, रेंजर्सवर ७-१. मार्च १९६५ मध्ये त्याने नवा मॅनेजर जॉक स्टीन याच्यासाठी खुर्ची सोडली आणि त्याच क्लबात जनसंपर्काचं काम पत्करलं. दोन वर्षांनी लिस्बनमध्ये स्टीनच्या सेल्टिकने युरोपियन कप जिंकला. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरांपैकी विली वॉलेस सोडला, तर बाकीचे दहाही मॅकग्रोरीच्या काळात क्लबात आलेले होते.